दिवसाअखेरचं एक चांगलं हृदय

"डाव्या कुशीवर व्हा, हात उशाखाली," असं म्हणत डॉक्टर जेलची बाटली आधी स्वतःच्या तळहातांत घोळवायचे. थंड जेलने माणूस दचकतो, आणि दचकलेलं हृदय नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोंदियात ज्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढली असेल, त्यांतल्या पुष्कळांना हे वाक्य आठवेल.

माझं बियाण्यांचं दुकान खाली, डॉक्टरांचं सेंटर वर. बायको गेल्यापासून ते मागच्याच खोलीत राहायचे.

चिचगडची एक म्हातारी दम लागतो म्हणून आली होती. लहानपणीच्या तापाने हृदयातली झडप आखडली होती, पुरती उघडत नव्हती. त्यांनी ती तिला पडद्यावर दाखवली.

"मी मरून राहिली का, डॉक्टर?"

"मरून नाही राहिली, बाई. दमून राहिली. नागपूरले दरवाजा उघडून देतील."

दिवसभर आखडलेल्या झडपा, गळक्या झडपा, हृदयात भोक असलेली लेकरं. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की ते जिन्यावरून हाक मारायचे, "भाऊ, या. एक चांगलं दिल पाहू द्या."

मी आडवा व्हायचो. पहिल्यांदा आकडा बासष्ट टक्के आला, तेव्हा बाकीचे अडतीस कुठे गेले, असं मी विचारलं. "प्रत्येक ठोक्याला एवढंच रक्त बाहेर जातं. तुम्ही तरी गल्ला पूर्ण रिकामा करता का?" म्हणाले. मग आम्ही चहा घ्यायचो. ते फार बोलत नसत. पडदा मात्र बराच वेळ चालू ठेवत.

एका संध्याकाळी त्यांचा हात थांबला. पडद्यावर हृदयाची बाकीची भिंत नेहमीसारखी आत-बाहेर होत होती, समोरचा एक तुकडा नुसता उभा होता. मलाही तो दिसला. छातीत कधी दुखलं का, त्यांनी विचारलं. आठवड्यापूर्वी जड वाटलं होतं, गॅस समजून मी सोडा प्यायलो होतो.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "उद्या नागपूर. वहिनींना मी सांगतो."

स्टेंट बसवून आलो आणि सवयीने वर जाऊन कुशीवर झालो. "उठा," म्हणाले. "तपासणी असेल तर सकाळी नंबर लावून या."

त्यानंतर जिन्यावरून हाक आली नाही. महिना गेला. शेवटी मी बायकोला घेऊन वर गेलो. मला काय झालंय, असं ती विचारत होती. काही नाही, म्हणूनच चल, म्हटलं. ती टेबलावर झोपलीसुद्धा. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, घोळवली, आणि परत ठेवली.

"वहिनींचं नको, भाऊ. त्यातही काही निघालं, तर मी बसू कोणाजवळ?"

ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग जेवायला तरी या, भाऊजी."

येतो म्हणाले. आम्ही ताट वाढून बसलो. ते आले नाहीत. उन्हाळ्यात मशीन विकून ते रायपूरला मुलीकडे गेले. गाडी निघताना काच खाली करून त्यांनी मला विचारलं ते इतकंच, गोळ्या वेळेवर घेता ना. घेतो, म्हटलं.