चित्रांच्या कार्डाचा डावा कौल

सगुण गवस औषधांच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतो. काही घडू नये यासाठीच त्याला पगार मिळतो, आणि काही घडत नाही. घडायचं ते संध्याकाळी, सर्वण गावातल्या घरात, संगणकासमोर. चौघांची टोळी आहे: हळर्णचा निखिल, केरीचा कृष्णनाथ, पेडण्याचा तुषार आणि हा. प्रत्यक्ष भेटले की त्यांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नाही. पण खेळात पाठ राखायला सगुणच लागतो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्याला फक्त तिथेच कळलं होतं.

मग खेळाची नवी आवृत्ती आली. सगुणचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं उमटवणारा संगणकातला भाग, जुनं. त्याला शत्रू दिसायचा तो गोळी लागल्यावर.

"सगुण, तू आमची पाठ राखतंस की त्यांची?" निखिल विचारायचा. चतुर्थीनंतर स्पर्धा होती. तोवर नवं कार्ड आलं नाही तर चौथा दुसरा बघावा लागेल, हेही त्याने सांगितलं. हळू आवाजात, म्हणजे खरंच.

म्हापशाच्या दुकानात किंमत ऐकून सगुणला वाटलं, दुकानदार स्कूटरबद्दल बोलतोय.

"आयचो दर आयज," दुकानदार म्हणाला. "फाल्यांचो फाल्यां." म्हणजे उद्याचा उद्या.

माणसासारखं बोलणाऱ्या यंत्रांना अशाच कार्डांतल्या चिपा लागतात. त्यांचे मालक त्या गोदामं भरभरून नेतात; खेळणाऱ्यांच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. सगुणने फोनवर तसल्याच एका यंत्राला विचारलं, आता घेऊ की थांबू? यंत्राने फार अदबीने सांगितलं: थांबा, किंमत उतरेल.

पण गवसांच्या घरात मोठी खरेदी देवाला विचारल्याशिवाय होत नाही. फ्रिज, बोअरवेल, बहिणीची स्कूटर, सगळं कौल लावून आलेलं. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकदा मिळालेला कौल पुढच्या जत्रेपर्यंत मोडायचा नाही, आणि तेच पुन्हा विचारायचंही नाही.

"कंप्युटरात काय घालूचा म्हणालंस?" भिकाजी गुरवाने विचारलं.

"कार्ड."

"रेशनचा?"

"नाय ओ. चित्रांचा."

भिकाजीने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "बारा गावच्या म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान चित्रांचा कार्ड घेवचा मनात आणल्यान. ता आता घेवचा असात तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," देवळात वाऱ्याला बसलेले दोघे-तिघे म्हणाले.

डावी पाकळी पडली, बराच वेळ विचार करून. देव आणि यंत्र यांचं एकमत झालं. त्यांतल्या एकाचा या महागाईत हात होता, एवढंच.

किंमत उतरली नाही, चढत गेली. चतुर्थीच्या तोंडावर निखिलच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने सुट्टीवर येताना नवं कार्ड आणलं. निखिलचं पहिलं मोकळं झालं.

"घेऊन जा," निखिल फोनवर म्हणाला. "मी दिले तेवढेच दी. भायर इकला तर दुप्पट मेळतले, पण तू आपलो."

"कौल डावो आसा."

"देवाक म्हापशाचो दर म्हायती आसा?"

हे सगळं सगुणची बहीण सिद्धी ऐकत होती. ती मोपच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा पडद्यावर तपासते. "दादा, कौल तुका दिलो," ती म्हणाली, "माका नाय." दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून हळर्णला जाऊन तिने कार्ड आणलं, स्वतःच्या पैशांनी.

सगुण भिकाजीकडे गेला. "भयणीन घेतलेला मी वापरला तर?"

"देव वकील न्हय रे," भिकाजी म्हणाला. "तो बघता."

सिद्धीने कार्ड घरच्या संगणकात बसवलं; सगुणने त्या संगणकाला हात लावला नाही.

स्पर्धेला चौथा तर हवाच होता. "जत्रेपर्यंत मी बसतंय," सिद्धी म्हणाली. सगुण पाठीमागे उभा राहून तिला शिकवू लागला. पण अख्खी पाळी लोकांच्या बॅगांत लपवलेलं शोधणाऱ्या बाईला भिंतीआडचा माणूस शोधायला शिकवावं लागत नाही. पहिल्या सामन्यात तिने भावाचं ऐकलं, दुसऱ्यात मान डोलावली, तिसऱ्यात हेडफोन लावले. त्यानंतर टोळी काय बोलते ते सगुणला ऐकू येईनासं झालं. मधूनच सिद्धी हसायची, तेव्हा कुणीतरी काहीतरी बोललं असावं.

निखिलचा फोन आला तेव्हा सगुणने तो लगेच उचलला.

"सिद्धीक सांग, शनवारी लवकर बस म्हणान."

"आणि माजा काय?"

"तुजा बरा झाला. तू ता कार्ड घेतलं असतंस, तर ही आमका मेळतीच नाय," निखिल म्हणाला. त्याला खरोखरच कृतज्ञ वाटत होतं. "देव बघता रे."

संध्याकाळी सगुणने चहाचा कप बहिणीच्या हाताशी ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुका शनवारची रातपाळी कधी लागता गे?"

सिद्धीने एक कान मोकळा केला. "ती बदलून घेतलंय, दादा."

"जत्रेपर्यंत?"

"नाय. कायमची," ती म्हणाली आणि कान पुन्हा झाकून घेतला.