नेलपॉलिशचा सांधा

माझ्या लग्नात कुणीतरी नेलपॉलिशची बाटली दिली होती. लालभडक. ती मी आयुष्यात एकदाच उघडली, आणि तीही नखांसाठी नाही.

आमच्या ह्यांचा जीव एका विलायती रॉक बँडवर होता. आखातात गेलेल्या शेजाऱ्याने त्यांना त्या बँडची कॅसेट आणून दिली होती. खडकीच्या क्वार्टरमध्ये ती रोज संध्याकाळी वाजायची. मी सगळ्यांसमोर नाक मुरडायचे, "काय ती आदळआपट!" आणि हे कामावर गेले, की पोळ्या करताना तीच लावायचे. एवढी नाटकी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यातल्या एका गाण्यात मध्येच गिटार थांबे आणि ड्रम एकटाच वाजे. ड्रम सुरू झाला की पोळी तव्यावर टाकायची, गिटार परतली की उलटायची. माझं गणित पक्कं होतं.

एकदा पिठाच्या हातांनी बटण दाबलं आणि टेपरेकॉर्डरने नेमकी तिथेच फीत गिळली. ओढून काढली तर हातभर फीत चुरगळलेली. कात्रीने कापली, दोन टोकं नेलपॉलिशने चिकटवली आणि देवाचं नाव घेतलं. आख्खा ड्रमच गेला, पण बाकी सांधा झकास. फक्त तिथे 'टिक्' असा आवाज येई. संध्याकाळी ह्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे टिक् ऐकलंस? मुद्दाम ठेवलंय. ही यांची खुबी."

मी आमटीला फोडणी दिली.

पुढे मुलगा गिटार शिकला तो त्याच कॅसेटवरून. हे शेजारी बसून सांगायचे, "जसंच्या तसं! एक सूर इकडचा तिकडे नको." पोरगं इतकं गुणी, की तळहात तारांवर आपटून ते टिक्सुद्धा वाजवायचं.

मग तो इंजिनिअर झाला, संगणकाच्या कंपनीत लागला, आणि गिटार कपाटावर गेली. घरी यायचा तो पडदा पाहून पाहून लाल झालेले डोळे घेऊन. हसणं विसरलाच होता. अशात एका बँडचा निरोप आला. त्याच विलायती बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा हा पुण्यातला बँड. त्यांच्या गिटारवाल्याला कंपनीने अचानक अमेरिकेला धाडलं होतं. रविवारचा कार्यक्रम निभावला, तर हा कायमचा आत. तालीम एकच झाली. आमचं ते टिक्‌वालं गाणं तालमीतून वगळलं, कारण चिरंजीव म्हणाले, "ते मला झोपेतही येतं."

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत. पहिला भाग छान झाला. तो हसत होता! मी निवांत होते, तो सांधा कधीच विसरले होते. मध्यंतरात मागच्या रांगेतला एक पोरगा मित्राला म्हणाला, "आता फर्स्टच ते गाणं. भावाने यूएसहून सीडी पाठवलीय, रोज ऐकतो. मधला तो एकट्या ड्रमचा पीस म्हणजे अंगावर काटा. तिथे कुणी चुकलं ना, मी उठून जाणार."

काटा माझ्याच अंगावर आला. माझा मुलगा तिथे थांबणारच नव्हता. तिथे तो टिक् करणार होता.

"आलेच," म्हणून मी उठले. रंगमंचामागे एका पोरीने अडवलं. "काकू, इकडे नाही जायचं."

"मुलाचं दम्याचं औषध आहे," मी रिकामी पर्स दाखवत म्हटलं. त्याला आयुष्यात दमा नाही.

तो तारा जुळवत होता. "आई? बाबा बरे आहेत ना?"

"त्यांना काय होतंय! ऐक. आपलं गाणं कॅसेटवर आहे तसं नाहीये. टिक् येतं ना, तिथे ड्रम एकटा वाजतो. तू गप्प राहायचं."

"कोण म्हणतं?"

"मी. तू पाळण्यात असताना मी ती फीत कापली. ते टिक् म्हणजे नेलपॉलिश आहे."

त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "मी इतकी वर्षं नेलपॉलिश वाजवतोय?"

"हो."

"बाबांना कळलं असतं, आई. तू तर ऐकतही नव्हतीस."

"रोज ऐकत होते."

घंटा झाली. ड्रमवाला केव्हाच रंगमंचावर जाऊन बसला होता, त्याला विचारायची सोय नव्हती. "किती वेळ थांबायचं?" मुलाने मलाच विचारलं.

"एक पोळी. एका बाजूने."

"आई!" एवढंच म्हणून तो गेला. एकीकडे वडिलांचा कान, दुसरीकडे नाक मुरडणारी आई. मीच त्याच्या जागी असते, तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

गाणं सुरू झालं. हे मांडीवर ताल धरून बसले. ती जागा जवळ आली. त्याचा उजवा हात टिक् करायला वर उठला, आणि तसाच हवेत राहिला.

ड्रम एकटाच घुमू लागला.

"गेलं! विसरला!" ह्यांनी माझं मनगट करकचून धरलं. ते उठायला लागले, मी त्यांना खाली ओढलं. मनात पोळी टाकली. बुडबुडे आले. कड सुटली. मुलाचे डोळे कुठे होते मला दिसेना. आता! मी मांडीवरचा तळवा उलटा केला आणि त्याच क्षणी गिटार परतली.

मागच्या पोराने शिट्टी मारली. ती मला टाळ्यांपेक्षा गोड लागली.

मुलगा म्हणतो, त्याने ड्रमवाल्याच्या काडीकडे पाहिलं. असेल. बँडने त्याला ठेवून घेतलं आणि पुढे सहा वर्षं दर रविवारी तो हसत घरी आला. हे मात्र येईल त्याला सांगत सुटले, "मूळ गाण्यात ती जागाच नाही हो. आमच्या चिरंजीवांनी घातली." आम्ही मायलेक ताटाकडे बघायचो.

परवा नात गिटार घेऊन आजोबांजवळ बसली होती. मुलगा ऑफिसात. जुनी कॅसेट लावलेली. "जसंच्या तसं!" हे म्हणाले. पाठोपाठ स्वयंपाकघरात मला ऐकू आलं: टिक्.

म्हणून हे लिहून काढलं. आधी ह्यांनाच वाचायला देणार आहे. ते सकाळपासून चष्मा शोधताहेत. मी लपवलेला नाही, पण शोधूही लागलेली नाही.