करंगळीकडचं हाड

वैद्यकीय कॉलेजात काचेच्या कपाटात एक सांगाडा उभा असे आणि त्याची देखभाल हाडेमामांकडे असे. मामा शिपाई म्हणून लागले ते तीस वर्षं तिथेच राहिले. सांगाड्याला ते ‘साहेब’ म्हणत. दिवसभर नुसतं उभं राहायचं आणि काही करायचं नाही, हे साहेबाशिवाय कोणाला जमणार, असं त्यांचं म्हणणं.

नवी मुलं आली की प्राध्यापक फळ्यावर लिहीत बसत आणि इकडे मामा काठी घेऊन सुरू होत. “दोनशे सहा. एक कमी नाही, एक जास्त नाही. खांदा आणि खुबा, उखळीचे सांधे, चौफेर फिरतात. कोपर आणि गुडघा, बिजागरीचे. दार उलटं उघडायला गेलात तर मोडेल.” मुलं वह्या काढून लिहून घेत. प्राध्यापकांचं कोण लिहून घेतं?

दर सुट्टीत मामा साहेबांची हाडं सुटी करत, सोड्याच्या पाण्यात धूत, गच्चीवर वाळवत आणि तांब्याच्या तारेने पुन्हा ओवत. उजव्या हाडांना लाल दोरा, डाव्यांना पांढरा. एके वर्षी त्यांनी हौसेने जास्त जोराची पावडर आणली. हाडं लख्ख झाली आणि दोरे सगळेच पांढरे झाले. मामांनी अंदाजाने ओवलं. त्यात गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची हाडं उजवीची डावीला आणि डावीची उजवीला गेली. नडगीशेजारी एक बारीक हाड असतं, करंगळीच्या बाजूला. ते साहेबांच्या दोन्ही पायांत अंगठ्याच्या बाजूला जाऊन बसलं आणि अकरा वर्षं तिथेच बसलं.

कळलं ते मामांचा स्वतःचा गुडघा कुरकुरायला लागल्यावर. तेल चोळताना बोटांना ते हाड बाहेरच्या बाजूला लागलं. आपण जन्मापासून उलटे आहोत, हा त्यांचा पहिला विचार. त्यांनी बायकोचा पाय धरला.

“अहो, हे काय भलतंच या वयात?” बायको म्हणाली.

“थांब गं. तूही उलटीच आहेस.”

मग त्यांनी मेव्हण्याचा पाय चाचपला, शिंप्याचा चाचपला. सगळं गाव उलटं निघालं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी, वर्ग सुटल्यावर, त्यांनी साहेबांचे पाय गुपचूप बदलले. हाडं जागेवर आली, पण त्या अकरा वर्षांत तयार झालेले डॉक्टर गावभर पसरले होते.

आणि आता मामांच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजली होती. ऑपरेशनशिवाय चालणं बंद, असं सांगणारा सर्जन त्यांचाच विद्यार्थी. दुसरा बघावा, तर तोही त्यांचाच.

“सांगून टाका,” बायको म्हणाली. “लाज गेली तरी घरात फिरता येईल. पाय गेला तर तुम्हाला उचलणार कोण? माझी तर कंबर.”

ऑपरेशनच्या सकाळी मामांनी खाटेवर बसून सगळं सांगितलं. दोरे, पावडर, अंदाज. सर्जन ऐकता ऐकता स्टुलावर बसला.

“मामा, मी चारशे गुडघे उघडलेत,” तो हळूच म्हणाला. “प्रत्येकात ते हाड बाहेर. मी दर वेळी लिहीत आलो, जन्मजात दोष.”

“आणि मग?”

“मग काय, भानगडीत पडलो नाही. दोष तसाच ठेवून टाके घातले.”

मामांचा जीव भांड्यात पडला. चारशे माणसं चालत होती, ती या माणसाच्या आळसावर. “मग माझाही तसाच ठेवा.”

सर्जनने मान खाली घातली. एक्स-रेवर लाल पेनाने मोठा बाण काढलेला होता, बाहेरून आत. “तुमचा दुरुस्त करणार होतो. चार तास जादा राखून ठेवलेत. म्हटलं, बाकीचे लोक परके. मामांच्या पायात दोष राहता कामा नये.”

“पण पुस्तकात तर बरोबर छापलंय,” मामा म्हणाले. “वाचलं नव्हतंत?”

“वाचलं होतं. परीक्षेत तसंच लिहिलं, पास झालो. पण खरं तुमचं मानलं. पुस्तक लिहिणाऱ्याला आम्ही कुठे पाहिलं होतं?”

तीस वर्षांत एवढं मोठं मामांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते अशा वेळी म्हटलं गेलं होतं. त्यांना रडू आलं. थोडं मानाचं, बरंचसं भीतीचं. मग त्यांनी डोळे पुसले आणि भूल देणाऱ्या बाईंना बोलावलं.

“कंबरेखालीच द्या, बाई. वर मी जागा राहणार.”

ऑपरेशनच्या खोलीत मामांच्या कंबरेशी हिरवा पडदा लावला. पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज आला, पहिल्या वर्षाच्या मुलासारखा बारीक. “उघडलंय, मामा. काय म्हणू?”

“अंगठ्याकडे जाड,” मामा छताकडे बघत म्हणाले.

“अंगठ्याकडे जाड.”

“करंगळीकडे बारीक.”

“करंगळीकडे बारीक.”

“आता बारक्याला हात लावू नका. आणि वही आणलीत का? सिस्टरना लिहून घ्यायला सांगा.”