मुठीवरचं कुंकू

ओल्या कुंकवाचा वास आला की बहारीनमधलं आमचं जनाबिया भागातलं घर आठवतं. शेजारी एक अमेरिकन राहायचा. त्याचे पणजोबा शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या व्यावसायिक बेसबॉलमधले गाजलेले फलंदाज होते, आणि त्यांची काळपट, तंबाखूच्या वासाची बॅट त्याने भिंतीवर टांगली होती. खंडेनवमीला मी माझी क्रिकेटची बॅट पुजतो हे ऐकून तो हौसेने तीही घेऊन आला. बायकोने दोन्ही बॅटींच्या जाड टोकाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि बजावलं, "उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही." दसऱ्याच्या सकाळी तिनेच मला हाक मारली. "मुठीला कुंकू तू लावलंस?" बेसबॉलच्या बॅटीच्या मुठीवर दोन पंजांचे लाल ठसे होते, मध्ये चार बोटं जागा सोडून. आम्ही आपापले तळहात पाहिले. कोरे होते. मी रिफायनरीतला इंजिनियर, भुताखेतांची थट्टा करणारा, पण ती बॅट उचलून बाजूला ठेवायला मी धजलो नाही. शेजारी बॅट न्यायला आला आणि दारातच थबकला. "पणजोबा असंच दोन हातांत अंतर ठेवून धरायचे," तो हळूच म्हणाला. "आता असं कुणीच धरत नाही." त्याने ठसे घासून पुसले आणि पुढे बॅट घेऊन मायदेशी गेला. आज दसरा. मघाशी त्याने पाठवलेला एक फोटो आला. तीच मूठ, तसेच दोन लाल ठसे. खाली त्याने विचारलंय, "काल तुमची ती पूजा होती का?"