दळणाला नाही म्हणणारी पोरगी

ती केस आठवली की आजही आधी मला माझाच राग येतो, आणि मग छाती भरून येते. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं, माणसांचं नाव सांगणार नाही. पोक्सोच्या गुन्ह्यात तर ते सांगायचंच नसतं.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. शाळाशाळांत जाऊन त्या लेकरांना शिकवायच्या: कुणी नको तसा हात लावला तर ओरडायचं, तिथून निघायचं, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. तक्ते, कापडी बाहुल्या, गाडीचं पेट्रोल, सगळं पदरचं. शेवटी त्यांनी निधीसाठी अर्ज केला. मी त्यावर 'पाहू' असा शेरा मारला आणि अर्ज फायलीत टाकला. बंदोबस्त, जयंत्या, मिरवणुका यातच जीव जातोय, शाळेत बाहुल्या दाखवायला पैसे कुठून आणू, असं माझं डोकं तेव्हा चालायचं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मॅडमनी माझी वाट पाहिली नाही. एका गावात त्या बचत गटातल्या बायकांशी बोलल्या. त्या बायका आधी सरपंचाकडे गेल्या. तिथं ऐकून आल्या, "पैसा वेशीवरच्या कमानीला ठेवलाय. आन् पोरींना असलं काहून शिकवायचं?" मग त्यांनी हळद शिजवायच्या मजुरीतून थोडे थोडे पैसे काढले आणि गावच्या शाळेत दोन दिवसांचा वर्ग ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपला, लेकरं पांगली. सहावीतली एक पोरगी मात्र दप्तर आवरत मागंच रेंगाळली. मॅडम जवळ गेल्या तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बाई, दळणाला जायला न्हाई म्हणलं तर चालतं का?"

तासाभरात मॅडम माझ्यासमोर उभ्या होत्या. "साहेब, पोरगी अर्धंच बोलली. गिरणीवाल्याचं नाव काढलं की हातपाय कापायलेत तिचे."

मी साध्या कपड्यांत मोटारसायकलवर त्या गावी गेलो. वेशीपाशी तीन पोरी दिसल्या. डोक्यावर दळणाचे डबे. गावातली गिरणी धडधड चालू, आणि या तिला वळसा घालून शेजारच्या गावाकडे निघालेल्या. ओट्यावरच्या एका आजीला विचारलं, "आजी, गावात गिरणी असताना पोरी तिकडं कशाला जातात?"

"तिकडं पीठ बारीक येतंय म्हणत्यात, बाबा. आमी बी म्हणलो, जाऊ दे."

बारीक पिठासाठी कुठली पोर उन्हात दोन कोस चालते? सगळं गाव रोज बघत होतं. पेट्रोलिंगला मीही त्याच रस्त्यानं दहा वेळा गेलो असेन. आणि आमच्या त्या पोरीला तर 'दळणाला जात न्हाई' म्हणाली म्हणून आईनंच आळशी ठरवून मारलं होतं.

मॅडमनी पोरीच्या मावशीच्या घरी, साध्या साडीत, आईला जवळ बसवून जबाब घेतला. मी अंगणातही पाय ठेवला नाही. गुन्हा दाखल केला, वैद्यकीय तपासणी झाली, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही पोरगी न डगमगता बोलली. आई हमसून रडली. म्हणाली, "तिनं तीनदा सांगितलं हो मला, अन् मी तीनदा मारलं."

दुसऱ्या दिवशी बाप आला, सोबत गावातले चार वजनदार लोक. बाप खाली मान घालून म्हणाला, "साहेब, केस मागं घेतो. शाळा बंद करून पोरीला मामाकडं पाठवून देतो. तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई." चौघांतला एक पुढं झाला, "गावातलं गावात मिटवून टाका. माणूस देवभोळा हाय. सप्त्यात पहिली पंगत त्याची असती."

माझं टाळकं सरकलं. "पंगतीचं पुण्य कोर्टात चालत नाही! हा गुन्हा मिटवता येत नाही. पुन्हा तो शब्द काढलात तर तुम्हा चौघांनाही आत बसवीन." चौघं चपला शोधत निघाले. बापाला मी बसवून घेतलं. "तुमच्या लेकीनं चोरी केली का? मग शिक्षा तिला कशाला?" पोरगी कोर्टात खोटी ठरली तर तिची शाळा कायमची सुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गिरणीवाल्याला चौकशीला घेतलं. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, बोलणं साखरेचं. अशा माणसाला थेट गुन्ह्याचं विचारू नये, त्याला त्याच्या धंद्याबद्दल बोलतं करावं. चहा पाजला, गिरणीच्या दगडांना टाकी कधी लावता ते विचारलं. गडी फुलला. "साहेब, पोळा सोडला तर आपली गिरणी एक दिवस बंद ऱ्हात न्हाई. गावाला तकलीफ नगं."

मी ते लिहून घेतलं. मग पोरीनं सांगितलेला दिवस काढला. त्याचा चेहरा बदलला. "त्या दिवशी लाईट न्हवती. गिरणी बंद होती. मी रानात होतो."

"आत्ताच म्हणालात, एक दिवस बंद राहत नाही!"

"लाईटच न्हवती त्याला मी काय करू?"

सबस्टेशनची नोंद मागवली. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत वीज अखंड होती. गावातल्या एका बाईनं जबाब दिला, घरी बारसं होतं, त्याच दिवशी त्याच्याच हातून ज्वारी दळून नेली. डबा द्यायला गेली तेव्हा ही पोरगी शेवटचा नंबर म्हणून बसवून ठेवलेली होती. दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. घाम फुटला, साखर विरघळली. अटक झाल्याचं कळलं तशा आणखी दोन आया आपापल्या लेकी घेऊन मॅडमकडे आल्या.

हिंगोलीच्या कोर्टात पोरीनं पडद्याआडून साक्ष दिली. आरोपीच्या वकिलानं उलटसुलट विचारलं, पण तिचा शब्द हलला नाही. शिक्षा झाली. बाहेर आल्यावर मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. मीही काही वेगळा नव्हतो. पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

माझ्या निवृत्तीनंतर मॅडमनी मला त्या गावच्या ग्रामसभेला बोलावलं. विषय होता, पैसा कमानीला लावायचा की दरवर्षी शाळेत आणि वस्त्यांवर हे वर्ग घ्यायला. सरपंच कमानीचं बोलत होते. तेवढ्यात पोरीचा बाप उठला. आपण का बोलतोय ते त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

"कमान पुढं बघू. वर्गाला पैसा द्या. पोरांना बी बसवा, मोठ्यांना बी बसवा."

आधी बायकांचे हात वर गेले, मग बाप्यांचे, शेवटी सरपंचाचा. ठराव मंजूर! इतका आनंद मला कुठल्या बक्षिसानंही झाला नव्हता.

आयुष्यभर मी गुन्हा घडल्यावर धावलो. लेकराच्या तोंडात आधीच शब्द दिले तर गुन्हेगार किती लवकर सापडतो, आणि कितीदा गुन्हा होतच नाही, हे मला या केसनं शिकवलं. त्यावर पैसा खर्च करणं हे पोलिसाचंच काम आहे, आणि गावाचंही.

सभा सुटल्यावर मी बापाचा हात धरला. म्हटलं, "मोठ्यांचा वर्ग घ्यायचं बरं सुचलं तुम्हाला."

तो म्हणाला, "साहेब, लेकरू बोलायलं तर ऐकायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच न्हवतं."