सुनेने गाडी विकवली नाही

देवळीहून निघालो त्या सकाळी सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि माझी मोटारसायकल अंगणात. लांबच्या प्रवासाची गाडी. पुढे उंच काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. सुमनला, माझ्या बायकोला, मागे बसवून याच गाडीवर मी पचमढी पाहिली, हैदराबाद पाहिलं, कोकणात उतरलो. कापडाचं दुकान बंद करून घरी आलो की आधी तिची साखळी पुसायची, मग जेवायचं. अंगावर साधा ओरखडा नव्हता.

घेणारा अल्लीपूरचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला तरुण. त्याने गाडी सुरू करून इंजिनाचा आवाज ऐकला, टायर दाबून पाहिले, आणि खूश होण्याऐवजी त्याला संशय आला.

"काकाजी, इतकी चोख गाडी काऊन विकून राह्यले? काही लपवून तर नाई राह्यले?"

लपवत होतो. पण गाडीतलं नाही.

"सून नाई म्हणते," मी म्हणालो.

रूपाली, माझी सून, तेव्हा टेम्पोत फ्रीज चढवून घेत होती. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फ्रीजकडे वळली. गाडीविषयी तिने कधी एक शब्द काढला नव्हता. माझा चुलतभाऊ बंडू शेजारीच उभा होता. तो हसला. "पाहा बाप्पा, वहिनीले जलमभर जे जमलं नाई, ते पुण्याच्या बाईनं दोन वर्षांत केलं." टेम्पो गावाबाहेर पडण्याआधी गल्लीभर तेच झालं. इतकी जपलेली गाडी माणूस आपणहून विकेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

आता खरं लिहितो.

गाडी विकण्याआधी दोनेक महिने सुमनला घेऊन वडनेरला मेव्हण्याकडे गेलो होतो. परतताना फाट्याजवळ गाय आडवी आली. मी डाव्या पायाने ब्रेक दाबला. या गाडीचा ब्रेक उजवीकडे. डावीकडे होता तो माझ्या तरुणपणीच्या गाडीचा. गिअर पडला, गाडी हिसका देऊन रस्त्याखाली उतरली आणि गायीपासून वीतभर अंतरावर थांबली. पाय कुणाचाही चुकतो. पण मागे माझा मुलगा अतुल बसला आहे, शाळेच्या कपड्यातला, सहा वर्षांचा, असं मला पक्कं वाटत होतं. अतुल तर कधीचा पुण्यात नोकरीला होता. मागे सुमन होती. मग घर कोणत्या बाजूला, तेही कळेना. हेल्मेटची काच पुसण्याचं सोंग करत उभा राहिलो. आमच्या वाटेवरच्या हिंगणघाटची पाटी लावलेली एसटी आली, तिच्या मागोमाग गाडी घातली.

सुमनने ही गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगितली. "यायनं अशी वळवली का गाडी, गायीले धक्का नाई." मी दर वेळी मान हलवायचो.

मुलाने पुण्याला बोलावलं हे खरं, पण निघायची घाई माझी होती. गावात कुणाच्या लक्षात येण्याआधी मला निघायचं होतं. देवळीत दुकानापासून घरापर्यंत मी डोळे मिटून गेलो असतो. इथे पुण्यात सोसायटीत चार सारख्या इमारती. लिफ्टमध्ये बटणांपुढे हात थांबतो. एकदा दुसऱ्याच विंगमध्ये कुणाच्या तरी दाराला किल्ली लावत बसलो. वॉचमनला वाटतं, आजोबा गप्पिष्ट आहेत, लिफ्टपाशी उभे असतात. मी आपल्या मजल्याचं कुणी येतंय का, ते पाहत असतो.

पुण्यात येऊन काही वर्षं झाल्यावर, यंदा बंडूच्या मुलीच्या लग्नाला सगळे देवळीला गेलो. पंगतीत बंडूची बायको रूपालीला सर्वांदेखत म्हणाली, "भाऊजीची गाडी तं विकवली, आता वावर कवा विकाले लावतं?" बाया हसल्या. रूपाली वाढत राहिली. परतताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तुम्हीच जा. मी देवळीला येणार नाही."

पुण्यात आल्यावर ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मग एवढी वर्षं मला का ऐकून घ्यायला लावलंत?"

लोक हसतील म्हणून. ते तिच्यासमोर म्हणवलं नाही. मेथीची जुडी बाजूला सारून ती म्हणाली, "आईंना आज सांगा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते इथे लिहवत नाही. हळूहळू वाढतो म्हणाले. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवतो. बंडू, हे मोठ्यानं वाचजो, घरात सगळ्याईले ऐकू जाऊ दे. आणि गाव सोडून गेलेल्यांनो, निघताना तुम्हीही काही कारण सांगितलं असेल. ते कुणाच्या डोक्यावर ठेवून आलात, एकदा पाहा.

घर म्हणजे पूर्वी देवळी. आता संध्याकाळी रूपाली मला खाली फिरायला नेते. अजून फारशी बोलत नाही. परतताना वळणाशी मी थांबतो, आपली इमारत कोणती ते विचारतो, आणि ती बोटाने दाखवते. माझ्यापुरतं तेवढं घर आता शिल्लक आहे. तिचं देवळीतलं घर मात्र मी मोडलं, आणि ते परत उभं करायला माझ्याजवळ किती शुद्ध उरली आहे, हे डॉक्टरही सांगत नाहीत.