‘नाय’ म्हणणारी नायिका

जिवापाड आवडलेल्या पुस्तकातली बाई पडद्यावर तुमच्या आईसारखी बोलली, तर तुम्हाला लाज वाटेल का? मला वाटली. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही — आईला तर नाहीच.

ती कादंबरी आमच्या पोलादपूरच्या डोंगरातली, पण नायिका बोलते छापील भाषेत. बापाच्या मोर्च्यांची पत्रकं वाचत मी वाढले. त्यानंतर हातात आलेलं पहिलं पुस्तक ते. पानंच्या पानं पाठ होती. त्यावर चित्रपट निघाला आणि नायिका म्हणून निवडली कापडे गावची सुलभा — माझी मामेबहीण. शूटिंगआधी ती महाडला माझ्याकडे आली.

“ताय, पुस्तकात ती ‘नाही’ म्हणते. मी काय म्हणू गो?”

“घरी काय म्हणतेस?”

“नाय.”

“मग तेच म्हण. कुणाच्या बापाला भिऊ नकोस.”

“बापाला नाय भीत. तुलाच भिते,” म्हणून ती हसली. त्या एका शब्दासाठी ती दिग्दर्शकाशी भांडली — माझ्या भरवशावर.

चित्रपट पाहायला आम्ही वाचक मंडळी मिळून गेलो. सुलभा पडद्यावर म्हणाली, “मी जाणार नाय,” आणि मागून कुणीतरी बोललं, “ही काय एसटीत जागा पकडतेय?” सगळे हसले. मी — मीही हसले.

बाहेर सगळे चिडलेले. पुस्तकाची माती केली म्हणाले. तू लिही, तुझ्या लेखणीला धार आहे. तेव्हा मी काय सांगायला हवं होतं? एकच वाक्य होतं. ते गिळलं, आणि घरी जाऊन लिहिलं — आमच्या नायिकेच्या तोंडी ही गावंढळ बोली घालणाऱ्यांनी पुस्तक उघडून तरी पाहिलं का?

लेख फोनाफोनांतून कापड्यापर्यंत पोचला. पुढे चित्रपट मोबाइलवर आला, तेव्हा ओठ सुलभाचे होते, आवाज दुसऱ्याच कुणाचा — “मी जाणार नाही.”

परवा मामाकडे गेले. “जेवतेस ना गो?” मी सुलभाला विचारलं.

“मला भूक नाही, ताई. तुम्ही बसा.”

तुम्ही. मामी चुलीपाशून म्हणाली, “हल्ली अशीच बोलते. घरात पाहुणी आल्यागत.”

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू? पण तो लेख अजून फिरतो आहे. तुमच्या फोनवर आला तर पुसून टाकू नका. त्याखाली एवढं लिहा आणि आला तिथे परत पाठवा — तिला ‘नाय’ म्हणायला हे लिहिणारीनंच सांगितलं होतं.